एक पेन ड्राइव्ह, तीन यंत्रणा : घरचे दप्तर जपा



ऊस नोंदीचे कागद, माती परीक्षणाचे अहवाल, सातबारा, आठ-अ, बँकेची पत्रे हे सारे पूर्वी ट्रंकेत असे. आता त्यांच्या प्रती बोटभर पेन ड्राइव्हमध्ये मावतात. गटागटांतून फिरताना आम्हाला दिसते, की हा एकच ड्राइव्ह गावच्या सेवा केंद्रातील विंडोजला, इंजिनिअरिंगच्या मुलाकडील लिनक्सला आणि लग्नाची फिल्म करणाऱ्या स्टुडिओच्या मॅकला लागतो. ड्राइव्ह तोच, पण तिघांची रीत निराळी. ती ठाऊक नसली तर वर्षांचे दप्तर एका बटणासरशी जाते. म्हणून हा लेखप्रपंच.

सरी आणि फॉरमॅट

तोडणी यंत्र चार-पाच फुटी सरीत बिनघोर चालते. तेच तीन फुटी सरीत घाला, चाके बेटांवर चढतात. दोष उसाचा नाही, यंत्राचाही नाही. आखणी जुळत नाही, एवढेच. ड्राइव्हवरील माहितीच्या आखणीला फॉरमॅट म्हणतात.

विंडोजची आखणी एनटीएफएस, १९९३ पासूनची. मॅक ती वाचतो, पण जादा सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तीवर लिहीत नाही. लिनक्सची एक्स्ट४ ही आखणी विंडोजला आपली आपण वाचता येत नाही. जुनी फॅट३२ सगळीकडे चालते, पण तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही. ड्राइव्हवर जागा दिसते तरी लग्नाची फिल्म चढत नाही, ती यामुळे.

यावर तोड आहे एक्सफॅटची. ही आखणी मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणली. २०१९ मध्ये तिचा तांत्रिक तपशील खुला झाला आणि त्याच वर्षी लिनक्सच्या ५.४ आवृत्तीत ती आली. आजच्या तिन्ही यंत्रणा एक्सफॅटवर वाचतात आणि लिहितातही. फिरत्या ड्राइव्हला हीच आखणी बरी.

सभासदांनी हे ध्यानात ठेवावे

१. अनोळखी आखणीचा ड्राइव्ह लावला, की विंडोज म्हणतो, "वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा." मॅक 'इनिशलाइझ' सुचवतो. घाईने 'हो' म्हणू नका. ड्राइव्ह बहुधा बिघडलेला नसतो, त्या संगणकाला तो वाचता येत नाही इतकेच. 'रद्द' करा, ड्राइव्ह काढा आणि जिथे माहिती भरली त्याच संगणकावर पाहा. फॉरमॅट केले म्हणजे उभ्या पिकावर नांगर.

२. एक्सफॅट करतानाही जुने पुसले जाते. आधी सगळी माहिती दुसरीकडे उतरवून, ती उघडते का ते पाहून, मगच फॉरमॅट करावे.

३. पडद्यावर काम संपलेले दिसले तरी काही माहिती संगणकाच्या स्मृतीत अडकून असते. लिनक्सवर हे विशेष घडते. 'सुरक्षितपणे काढा' किंवा 'इजेक्ट' केल्याखेरीज ड्राइव्ह ओढू नये. अर्धवट लिहिलेले सावरून घेण्याची नोंदवही एक्सफॅटकडे नसते, एनटीएफएसकडे असते.

४. एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद ठेवावे. २०१२ च्या विंडोज ८ पासून ही सोय आली. तिच्यामुळे संगणक बंद केला तरी विंडोज पुरते झोपत नाही. अशा वेळी लिनक्समधून त्याच भागावर जबरदस्तीने लिहिले तर माहिती बिघडते.

५. फाइलचे नाव साधे ठेवा. तिरकी रेघ विंडोज आणि लिनक्सला चालत नाही. प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखी दोन टिंबे विंडोजला चालत नाहीत. '७/१२' असे न लिहिता 'सातबारा' लिहा, पुढे गट क्रमांक व साल घाला.

शेवटचे, पण मोलाचे

बेण्याचा एकच प्लॉट धरून गावभराची लागण कोणी ठरवत नाही. दप्तराचेही तसेच. पेन ड्राइव्ह हे ने-आण करण्याचे साधन, कोठार नव्हे. दुसरी प्रत घरी वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि ती फिरवू नका. मूळ कागद तर कपाटात हवेतच.

घरची मुले संगणक सराईतपणे वापरतात. हा अंक त्यांच्यापुढे ठेवा आणि या रविवारी घरातला ड्राइव्ह कोणत्या फॉरमॅटचा आहे, ते त्यांच्याकडून बघून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.