हौशी राष्ट्रांची गोष्ट : बालाघाटच्या रेघेवरचं वाळवंट

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या तामा-रे या हौशी राष्ट्राच्या गोष्टीचा उरलेला भाग आज द्यायचा होता. पण गोंदियाच्या एका वाचकांनी पत्रातून असा प्रश्न टाकलाय की तो बाजूला ठेववत नाही. ते विचारतात, ‘अमेरिकेतल्या हौशी राजांचं एवढं पुराण लावलंत, आपल्या बाजूचा कोणीच नाही का हो?’

आहे ना! आणि तो आमच्या मध्य प्रदेशातलाच, इंदूरचा.

आधी शाळेचा ॲटलास काढा. बालाघाट शहरावर बोट ठेवा आणि सरळ पश्चिमेला न्या. भावनगर, अरबी समुद्र, ओमान, सौदी अरेबिया, तांबडा समुद्र. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून बरंच आत, २२ अक्षांशाच्या जरा खाली, इजिप्त आणि सुदानच्या मधोमध बीर तावील लागतं. २,०६० चौरस किलोमीटर खडक आणि वाळू, आणि दोन्ही शेजारी म्हणतात, ‘ही आमची नाही.’

असं कसं झालं? १८९९ मध्ये इंग्रजांनी २२ अक्षांशावर पट्टी ठेवून सरहद्द आखली. वर इजिप्त, खाली सुदान. तीन वर्षांनी, १९०२ मध्ये, त्यांच्या ध्यानात आलं की गुरं चारणाऱ्या टोळ्या पट्टी बघून फिरत नाहीत. मग कारभारासाठी दुसरी, वाकडी रेघ काढली. बीर तावील ही अबाब्दा लोकांची चराई, म्हणून ती इजिप्तकडे. समुद्राकाठचा हलाइब त्रिकोण सुदानकडे. हलाइब दसपट मोठा, शिवाय त्याला किनारा. आज इजिप्त १८९९ ची रेघ धरून बसलाय आणि सुदान १९०२ ची, कारण दोघांनाही हलाइब हवाय. बीर तावीलवर हक्क सांगायचा तर दुसऱ्याची रेघ मान्य करावी लागते आणि हलाइबवर पाणी सोडावं लागतं. ते कोण करणार?

बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या राजेगावात बसून मला या प्रकाराचं फार नवल वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आमची बाघ नदी दोन राज्यांची हद्द झाली. त्याआधी दोन्ही काठ नागपूरच्याच कारभारात. सोयरिका आणि बाजारहाट आजही पुलापलीकडे चालूच आहेत. फरक इतकाच की आमच्याकडे दोन्ही सरकारं आपापला काठ आपलाच म्हणतात.

तर बेवारस जमीन दिसली की हौशी लोक धावणारच. जून २०१४ मध्ये व्हर्जिनियाचे जेरेमाया हीटन तिथे झेंडा घेऊन पोचले. कारण काय, तर सात वर्षांच्या लेकीला राजकन्या व्हायचं होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूरचे सुयश दीक्षित अबू सिंबेलहून निघाले, ३१९ किलोमीटर वाळवंट तुडवून पोचले, बी पेरलं, त्यावर पाणी घातलं, झेंडा लावला आणि वडिलांना राष्ट्रप्रमुख करून टाकलं. राजधानीचं नाव सुयशपूर! पेरेल त्याची जमीन, हा जुना न्याय त्यांनी लावला. आमच्याकडे धानाचं अख्खं शेत रोवून दाखवलं तरी पटवारी आधी खसरा विचारतो, तिथे एका बीवर देश मिळायचा होता.

पाण्यावरून आठवलं, आणि खरं सांगायचं तर हे लिहिण्यासाठीच मी आजचा हप्ता वळवला. या भागाजवळून अल्लाकीचं कोरडं खोरं जातं. फॅरोंच्या सोन्याच्या खाणी इथल्या. खोरं नाईलला मिळतं तिथे कुबान नावाच्या किल्ल्याशी एक शिलालेख सापडला, तो आज फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या संग्रहालयात आहे. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षाचा. त्यात तक्रार अशी, की सोनं धुणारी माणसं आणि त्यांची गाढवं वाटेतच तहानेने मरतात. रामसेसच्या बापाने, सेतीने, १२० हात खोल विहीर खणली, थेंब लागला नाही. रामसेसने खणवली तेव्हा १२ हातांवर पाणी. बढाई थोडी वगळा, कारण राजाचाच लेख आहे. पण तिथे राज्य करायचं तर आधी पाणी द्यावं लागतं, एवढं त्या लेखकालाही ठाऊक होतं.

आता तामा-रे आठवा. जॉर्जियात १९९३ साली ४७६ एकर विकत घेऊन पिरॅमिड उभारणाऱ्यांनी आपले पूर्वज नाईलकाठाहून अमेरिकेत चालत आल्याचं सांगितलं, तेही खंड वेगळे होण्याच्या आधी! त्यांच्याकडे वारशाचा दावा होता आणि नाईल हजारो मैल लांब. हीटन आणि दीक्षित थेट फॅरोंच्या खाणींपाशी उभे होते, पण वारशाचं नावही त्यांच्या तोंडी नाही. आणि अबाब्दा? त्यांची गणना बेजा लोकांत होते आणि बेजांचं नातं अनेक अभ्यासक प्राचीन लेखांतल्या मेद्जाय लोकांशी जोडतात. वारसा आहे, चराई आहे, विहिरींची माहिती आहे. पण त्यांनी ना झेंडा काढला, ना पासपोर्ट छापले. या सगळ्या दावेदारांत मला त्यांचाच दावा खरा वाटतो, आणि तो त्यांनी कुणापुढे मांडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तामा-रे पुढच्या आठवड्यात, नक्की. जंजिऱ्याबद्दल विचारणाऱ्यांनी मात्र जरा धीर धरावा. सिद्दींचं राज्य १९४८ पर्यंत खरोखरचं संस्थान होतं. त्याला या हौशी मंडळींच्या पंगतीला बसवावं का, हे माझं अजून ठरत नाही. तुमचं मत कळवा.