चौकट : इशारा यंत्राचा, जबाबदारी माणसाची

केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. विश्वास, लोककेंद्री दृष्टी, निर्बंधापेक्षा नवनिर्मितीला प्राधान्य, न्याय्यता, उत्तरदायित्व, सुबोधता आणि सुरक्षितता ही त्यांतील सात सूत्रे. नवा कायदा न आणता आहेत त्याच कायद्यांवर भिस्त ठेवल्याने ही तत्त्वे बंधनकारक नाहीत. म्हणूनच त्यांची कसोटी दिल्लीत नव्हे, तर चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्यासारख्या तालुक्यात लागेल.

आठ जणांचा बळी घेणारा ‘आरटी-१’ वाघ राजुऱ्याच्या जंगलात ऑक्टोबर २०२० मध्ये जेरबंद झाला. याच चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबालगतच्या सीतारामपेठेत कृत्रिम बुद्धिमत्तेने वाघ ओळखून गावाला सावध करणारे कॅमेरे बसवले गेले. असा कॅमेरा वाघ ओळखण्यात चुकला तर जीव जातो. खोटे इशारे वारंवार आले तर खऱ्या इशाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. नियमांच्या जाचाने उपयुक्त तंत्र रखडेल, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण चुकांची नोंद ठेवणे, इशारा मराठीत आणि गोंडीत देणे, जबाबदार अधिकाऱ्याचे नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे यांत जाच कसला? कॅमेऱ्यात गावकरीही टिपले जातात. ती चित्रे कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार, हेही ग्रामसभेला कळायला हवे. उत्तरदायित्वाचे सूत्र कागदावरून गावात उतरते ते असेच.