कर्ता कोण? : मानवी हक्कांची जाणीव आणि मराठीतील नवोदितांची निर्मिती

वर्धा येथील लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी अस्पृश्यांसाठी खुले केले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२७ मध्ये, महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. ही दोन्ही विधाने समतेच्या इतिहासातील आहेत; परंतु त्यांची वाक्यरचना भिन्न आहे. पहिल्या वाक्यात अस्पृश्य हे 'ज्यांच्यासाठी' कृती झाली ते आहेत, दुसऱ्यात ते स्वतः कर्ते आहेत. करुणा आणि हक्क यांतील भेद व्याकरणाच्या या एका फरकात सामावलेला आहे. मानवी हक्कांच्या जाणिवेतून निर्माण झालेल्या मराठी साहित्याचा विचार करतानाही हाच निकष उपयुक्त ठरतो.

वंचितांचे दुःख मराठी साहित्याला अपरिचित नव्हते. श्री. म. माटे यांच्या 'उपेक्षितांचे अंतरंग' (१९४१) या संग्रहात ते आत्मीयतेने आले आहे. मात्र तेथे उपेक्षितांच्या अंतरंगाचा शोध घेणारा निवेदक त्यांच्या बाहेर उभा आहे. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला आणि २६ जानेवारी १९५० पासून भारतीय संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. दुःखाला आता कायद्याचा आधार मिळाला होता. तरीही संविधानाने दिलेले कर्तेपण भाषेत उतरण्यासाठी एका नव्या पिढीची आवश्यकता होती.

ही पिढी पहिल्या पुस्तकांच्या रूपाने पुढे आली. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कवी तेवीस वर्षांचा होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीपासून प्रेरणा घेऊन दलित पँथरची स्थापना झाली तीही याच वर्षी. 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे. ती लिहिण्यापूर्वी तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या वस्तीत फिरले. प्रथितयश लेखकाने नवोदितास मार्गदर्शन करावे, हा प्रस्तावनेचा रूढ संकेत येथे उलटा झाला. येथे वाटाड्या नवोदित कवी होता. त्याची भाषा कोशात नसेल तर न्यून कोशाचे होते.

भाषेवरील अधिकाराचा हाच प्रश्न नागपूरच्या कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) या पुस्तकात वेगळ्या रूपात येतो. संस्कृत शिकणारी आणि शिकवणारी दलित स्त्री हा समाजाच्या कौतुकाचा विषय होतो. पण त्या कौतुकामागे 'हिला हे कसे जमले?' हा जातीने घडविलेला अचंबा असतो. हक्काची अभिव्यक्ती कौतुकाचीही चिकित्सा करते, ती अशी.

वाहरू सोनवणे यांनी ही चिकित्सा चळवळीपर्यंत नेली. शहादा परिसरातील श्रमिकांच्या लढ्यात वाढलेल्या या भिल्ल कवीचा 'गोधड' हा संग्रह १९८७ मधील. त्यांच्या 'स्टेज' या कवितेत व्यासपीठावरील मंडळी समोर बसलेल्यांना त्यांचेच दुःख ऐकवितात. ज्यांचे ते दुःख, त्यांना मात्र व्यासपीठ मिळत नाही. येथे आक्षेप शत्रूवर नसून हितचिंतकांवर आहे, आणि म्हणूनच तो अधिक अस्वस्थ करतो.

विदर्भातील भुजंग मेश्राम यांच्या 'उलगुलान' (१९९०) या संग्रहाचे शीर्षकच बिरसा मुंडा यांच्या उठावाचे नाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे आपल्या प्रास्ताविकातच मान्य केले. कायद्याने ही कबुली देण्यापूर्वी सोळा वर्षे मराठी कवितेने त्या लढ्याचे नाव धारण केले होते. वर्धा जिल्ह्यातील हिंगणी हे बोरच्या जंगलालगतचे गाव. हे जंगल २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. अशा परिसरातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला जंगल हा केवळ निसर्गकवितेचा विषय वाटणे कठीण आहे. सरपण आणि चराई यांच्याशी जोडलेले जंगल त्याने पाहिलेले असते. 'उलगुलान' त्याच्यापुढे ठेवताना शिक्षकाने ही बाब ध्यानात घ्यावयास हवी.

स्वानुभव हीच या निर्मितीची एकमेव अट मानावी काय? चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या पहिल्याच कथाचित्रपटाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येतो. आपल्या गाण्याने एका गटार-सफाई कामगारास आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप त्यात एका लोकशाहिरावर आहे. ही भूमिका वीरा साथीदार (निधन २०२१) यांनी केली. ते स्वतः आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्ते होते. मृत कामगाराची पत्नी न्यायालयात साक्ष देते, तेव्हा ती हळहळ मागत नाही; नवरा कोणत्या स्थितीत काम करीत असे, याची माहिती देते. दिग्दर्शक तिच्या वतीने बोलत नाही, तिच्या बोलण्यासाठी जागा मोकळी करतो. यावरून असे म्हणता येईल की, निर्णायक गोष्ट लेखकाचा जन्म ही नसून कलाकृतीत कर्तेपण कोणाकडे आहे, ही होय.

या विवेचनाचा संबंध अध्यापनाशी आहे. 'दाहक अनुभव', 'विदारक वास्तव', 'हृदयद्रावक चित्रण' ही विशेषणे या साहित्याच्या वाट्याला सर्रास येतात. ती वाचकाच्या हृदयाचे वर्णन करतात, कृतीतील मागणीचे नव्हे. अशा उत्तरांवर गुण देत राहिल्यास ज्या पुस्तकांनी दयेचा विषय होण्यास नकार दिला, त्यांना अभ्यासक्रम पुन्हा दयेचाच विषय करून टाकतो. 'या कृतीत कोणते दुःख आले आहे?' या प्रश्नाआधी 'येथे कोण बोलत आहे आणि कशावर हक्क सांगत आहे?' हा प्रश्न वर्गात विचारला गेला, तर संहितेचे वाचनच बदलेल.