गुळगुळीत नळी खरबडीत का होते?

प्लॅस्टिक म्हटलं की आपल्याला बादली आठवते, संशोधन नाही. नागापूर एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये इनप्लांट ट्रेनिंगला असताना मी ठिबकच्या नळ्या निघताना पाहिल्या. हॉपरमध्ये पॉलिथिलीनचे दाणे, बॅरलमध्ये फिरणारा स्क्रू, तोंडाशी डाय. वेग वाढवला की छान गुळगुळीत नळी एकदम खरबडीत! ऑपरेटर काका वेग उतरवतात, डाय थोडी जास्त तापवतात, काम भागतं. पण असं होतं का? आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात उत्तर नाही, कारण ते मुख्यतः पाणी-तेलासाठी लिहिलंय.

पाण्याचे रेणू सुटे. पॉलिमरचा रेणू म्हणजे हजारो कड्यांची साखळी, आणि अशा असंख्य साखळ्या शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. भिंतीला टेकलेला द्रव हलत नाही, असं आपण पाठ करतो. इथे ताण एका मर्यादेपलीकडे गेला की तो चक्क घसरतो. भिंतीला चिकटलेल्या साखळ्यांतून बाकीच्या सुटतात. शिवाय डायमधून बाहेर पडताना भिंतीलगतचा थर अचानक वेग घेतो, ताणला जातो आणि बारीक बारीक फाटतो. या खरबडीतपणाला म्हणतात शार्कस्किन.

यात थर्मोडायनॅमिक्सही आहे. वजन टांगून ताणलेला रबर बँड तापवा. लोखंडी तार लांबते, रबर मात्र आखडतो! ताणलेल्या साखळीला परत गुंडाळायची ओढ असते. हा सगळा एन्ट्रॉपीचा खेळ. (थर्मोचा पेपर सुटला तरी आपल्याला हे ठाऊक नसतं, ही गंमतच.)

या विषयात आयुष्य घालवणारी माणसं फार लांबची नाहीत. माशेल, गोव्याचे डॉ. रघुनाथ माशेलकर १९६९ मध्ये मुंबईच्या यूडीसीटीतून पीएच.डी. झाले, इंग्लंडला सॅल्फर्डमध्ये त्यांनी शिकवलं आणि १९७६ मध्ये ते पुण्याच्या एनसीएलमध्ये आले. डॉ. आशिष लेलेही यूडीसीटीचेच. अमेरिकेतल्या डेलावेअरहून पीएच.डी. करून तेही एनसीएलमध्येच आले. पॉलिमर भिंतीवरून घसरतो कसा, यावर त्यांचं मोठं काम आहे. २००६ चा भटनागर पुरस्कार, २०१२ चा इन्फोसिस पुरस्कार, आणि २०२१ मध्ये ते एनसीएलचे संचालक झाले.

घरचे विचारतात, "अजून पाच-सहा वर्षं शिकून काय करणार?" प्रश्न रास्त आहे. वर्गमित्र पगार घरी आणतात तेव्हा आपण फेलोशिपवर असतो, आणि पुढे नोकरीच्या जागाही थोड्याच. तरी गेट दिली तर एम.टेक.ला स्टायपेंड मिळतो, घरून पैसे मागावे लागत नाहीत. मी फॉर्म भरलाय. वडिलांना अजून सांगायचंय.