गर्द सोडवायला देतात ती गोळी म्हणजे दुसरी नशाच का?

"एक व्यसन सोडवायला दुसरं लावतात," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते खरंय का?

हेरॉईन आपल्याकडे गर्द, ब्राऊन शुगर या नावांनी आलं. ८० च्या दशकात मुंबई-पुण्यातली कितीतरी पोरं त्याच्या नादी लागली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात दिला आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं.

आता गोळीचं बघू. गर्दचा अंमल काही तासांत उतरतो. मग अंगदुखी, उलट्या, जुलाब सुरू होतात. तो त्रास टाळायला माणूस पुन्हा गर्दकडे वळतो. १९६५ साली न्यूयॉर्कच्या डोल आणि निस्वांडर या डॉक्टरांनी २२ रुग्णांचा अभ्यास मांडला. मेथाडोनचा रोज ठरलेला डोस दिला, तर तलफ दबते आणि माणूस कामाधंद्याला लागतो, असं त्यात दिसलं.

भारतात ब्युप्रेनॉर्फिन जास्त वापरतात. ते मेंदूत गर्दच्याच जागा धरून बसतं, पण हळू उतरतं आणि एका मर्यादेपुढे त्याचा परिणाम वाढत नाही. २००५ पासून ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत.

उलट, पोराला नुसतं कोंडून ठेवणं धोक्याचं. शरीराची सवय मोडते. बाहेर आल्यावर त्याने जुन्याच मापात गर्द घेतली, तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो.

बीड जिल्ह्यात असाल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात मानसोपचार विभाग गाठा किंवा १४४४६ या मोफत हेल्पलाईनवर बोला. गोळी मात्र डॉक्टरांच्या देखरेखीतच.