म्हाताऱ्यांचं बोलणं टिपून ठेवा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चिखलदऱ्याला जाणारा माणूस पॉइंट बघतो, गाविलगड बघतो आणि परत येतो. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनने हे ठिकाण ‘शोधलं’, हेही तो ऐकून असतो. कोरकू तिथे आधीपासूनच राहत होते, ते मात्र कोणी सांगत नाही!

मेळघाटात मजूर हाताशी असावेत म्हणून जंगल खात्याने वनग्रामं वसवली. कूप तोडायचा, सागाचे ओंडके ओढायचे, उन्हाळ्याआधी जाळरेषा साफ करायच्या, ही इथली कामं. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. पुढे कोहा, कुंड, बोरी ही गावं २००० नंतर अकोट तालुक्यात खाली आणली गेली, त्यामागून आणखीही. गाव उठलं की नाल्याचं, टेकडीचं नाव घेणारा माणूसही तिथून जातो. ते नाव सरकारी नकाशावर असेलच असं नाही.

ग्रीसमधल्या मिलोस बेटावर १९९८ पासून खाणकामाचं संग्रहालय आहे. तिथे अवजारांबरोबर जुन्या खाणकामगारांच्या तोंडच्या आठवणीही ऐकायला मिळतात. आपल्याकडे इमारत नसली तरी चालेल, साधा मोबाइल पुरे.

आणि हा नुसता हौसेचा मामला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदन पुरावा म्हणून धरलं जातं. मात्र ते दावेदाराचं स्वतःचं नको, दुसऱ्या कुणाचं हवं. कागद नसलेल्या माणसाला याचा केवढा आधार! तो म्हातारा गेला, की पुरावाही गेला.

विचारायचं कसं? ‘पूर्वी कसं होतं?’ असं विचारलं तर ‘बरं होतं’ एवढंच उत्तर येतं. कोणता कूप, किती दिवस, मजुरी पैशात की धान्यात, रात्री मुक्काम कुठे, पाणी कोणत्या झऱ्याचं, असं विचारावं. बायकांना वेगळं विचारावं, कारण मोह कुठे वेचला हे त्यांनाच नेमकं ठाऊक.

बोलणं कोरकूतच टिपावं. ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी नातं नसलेली. घाईच्या भाषांतरात झाडांची नावं आधी गळतात. कोरकू आपल्या मेलेल्या माणसासाठी सागाच्या फळीवर चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरून ती उभी करतात, तिचीही हकीकत विचारावी.

लिहून झालं की मजकूर त्यांना कोरकूत पुन्हा वाचून दाखवावा. नाल्याचं नाव चुकलं असेल तर ते तिथेच थांबवतात.