कचेरीचे दार आपल्यालाही उघडे आहे



गेल्या पावसाळ्यात तालुक्यातल्या एका भिल्ल वस्तीवरच्या आजी आमच्या मालेगावच्या केंद्रावर आल्या. नातू बारावी पास झालेला. पुढच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. त्या कामासाठी आजी कांद्याच्या चाळीतला रोज बुडवून तीन वेळा एका सरकारी कचेरीत जाऊन आल्या होत्या. पहिल्या वेळी दारावरच्या शिपायाने सांगितले, "साहेब मीटिंगला आहेत." दुसऱ्या वेळी, "आज भेटीचा दिवस नाही." तिसऱ्या वेळी आजी दाराशी गेल्याच नाहीत. आवारातल्या झाडाखाली दिवसभर बसल्या आणि शेवटच्या गाडीने परत गेल्या.

आमच्या कार्यकर्तीने विचारले, "आजी, आत का नाही गेलात?"

"बोलावल्याबिगर कसं जायचं ताई? सरकारचं घर ते."

हे एकट्या आजींचे म्हणणे नाही. वस्त्यांवर, पाड्यांवर आम्ही ते अनेकांकडून ऐकतो. म्हणून या अंकात एका साध्या प्रश्नाचा विचार करू. सरकारी इमारत कोणाची? तिच्यात आपण कुठवर जाऊ शकतो?

शंभर वर्षांपूर्वीचा ठराव

हा हक्क आपल्याला आपोआप मिळालेला नाही. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात रावसाहेब सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला व तो संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुल्या कराव्यात, असे त्यात होते. त्याच ठरावात सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचाही उल्लेख होता. आपल्याला या ठरावातले पाणी आठवते, कारण त्याच्याच आधाराने पुढे 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पण त्या ठरावात कचेरीचे दारही होते, हे विसरू नये. कागदावरचा ठराव आणि प्रत्यक्षातले पाणी यांच्यामध्ये माणसांना चालत जावे लागले. कचेरीच्या दाराचेही तसेच आहे.

पुढे संविधानाच्या 15 व्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून सार्वजनिक जागेत अडवण्यास मनाई केली. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्याच्या जातीमुळे दवाखान्यात, शाळेत किंवा इतर सार्वजनिक जागी जाण्यापासून रोखणे हा आज अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

आत जाणे म्हणजे काय?

सरकारी इमारतीतली प्रत्येक खोली प्रत्येकाला उघडी असते, असा याचा अर्थ नाही. कोषागाराची तिजोरी, मतपेट्या ठेवलेली खोली, पोलीस ठाण्यातली कोठडी अशा ठिकाणी बंधने हवीतच. साहेबांच्या दालनातही सुनावणी सुरू असेल तर थांबावे लागते. दारावर नोंद करणे, ओळखपत्र दाखवणे, पिशवी तपासू देणे यात कमीपणा नाही. पण ही बंधने सर्वांना सारखी असावीत आणि त्यांचे कारण सांगता यावे. गाडीतून उतरणाऱ्याला सलाम आणि पायी येणाऱ्याला "नंतर या", हा नियम कोणत्याही कायद्यात नाही.

न्यायालयाचे कामकाजही साधारणपणे खुले असते. काही नाजूक खटले वगळता कोणीही नागरिक मागे शांत बसून ते ऐकू शकतो.

पोलीस ठाण्याविषयी भीती जास्त असते. ठाण्यात मोबाईलवर चित्रीकरण केले म्हणून एका नागरिकावर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये तो रद्द केला. त्या कायद्यात 'प्रतिबंधित जागा' कोणत्या ते सांगितले आहे आणि पोलीस ठाणे त्यात येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणून उगाच मोबाईल उगारत जावे असे नाही. पण ठाणे ही तक्रार घेऊन जाण्याची जागा आहे, हे मनात पक्के असावे.

अनेक कचेऱ्यांत सरकारी कामात अडथळा आणल्यास शिक्षा होईल, असा फलक असतो. तो वाचून माणसे प्रश्न विचारायलाही घाबरतात. ज्या कलमाचा धाक घातला जातो, ते कर्मचाऱ्यावर हल्ला करणे किंवा बळाचा वापर करणे यासाठी आहे. शांतपणे "माझ्या अर्जाचे काय झाले?" असे विचारणे हा गुन्हा नाही.

दारापेक्षा दप्तर महत्त्वाचे

आजींची खरी अडचण दारापाशी संपत नव्हती. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या घरात कोणी शाळेत गेले नाही, त्यांनी जुना शाळेचा दाखला कुठून आणायचा? अशा कुटुंबांचा आधार म्हणजे कोतवाल बुक, म्हणजेच गावाच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचा नमुना 14. त्यात कधी कधी जातीचीही नोंद सापडते. हे कागद घरात नसतात. ते कचेरीच्या दप्तरात असतात. म्हणून आत जाण्याचा हक्क हा शेवटी कागद पाहण्याचा हक्क आहे.

त्यासाठी वाटा आहेत:

• सोमवारची पाहणी. राज्य शासनाच्या 26 नोव्हेंबर 2018 च्या निर्णयानुसार जिल्हा व त्याखालील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात.

• माहितीचा अधिकार, 2005. अर्जाला 10 रुपये शुल्क आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही. माहिती कशासाठी हवी, हे सांगावे लागत नाही. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे म्हणणे लिहून घेण्यास मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. उत्तर साधारणपणे 30 दिवसांत मिळाले पाहिजे.

• लोकसेवा हक्क कायदा, 2015. कोणता दाखला किती दिवसांत, किती पैशांत आणि कोण देणार, हे कचेरीत फलकावर लिहिलेले असले पाहिजे. अर्जाची पोच मिळालीच पाहिजे. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत पहिले अपील करता येते.

• लोकशाही दिन. तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, तर जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. तक्रारीचा अर्ज आधीच द्यावा लागतो, म्हणून त्या दिवसाची वाट न पाहता चौकशी करून ठेवावी.

आत गेलो, पण ऐकले का?

एवढ्याने सारे सुटते असे नाही. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातले वृद्ध शेतकरी धर्मा पाटील जमिनीच्या मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे फेऱ्या मारत होते. 22 जानेवारी 2018 रोजी त्यांनी मुंबईत मंत्रालयात विष घेतले आणि 28 जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. ते मंत्रालयाच्या आत पोचले होते. त्यांचे म्हणणे पोचले नव्हते. त्यानंतर मंत्रालयात वरून कोणी उडी मारू नये म्हणून जाळी बसवण्यात आली. जाळीने जीव वाचतो, हे खरे. पण गावातच अर्जाला वेळेवर उत्तर मिळाले, तर माणूस मुंबईपर्यंत जाणारच नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, त्यांतले बहुसंख्य आदिवासी, वनहक्कांसाठी मुंबईपर्यंत चालत गेले. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्री चालून गाठली. हक्क मागताना दुसऱ्याचीही काळजी घेता येते, हे त्यांनी दाखवले.

जाताना एवढे करा

एकटे जाऊ नका, शक्यतो कोणालातरी सोबत न्या. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का, सही, तारीख घ्या. "उद्या या" असे सांगितले, तर सांगणाऱ्याचे पद विचारा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. आवाज चढवू नका. टेबलापलीकडचा माणूसही कामाच्या ओझ्याखाली असतो, आणि त्यांतले अनेकजण मनापासून मदत करतात. शिपायालाही नमस्कार करा, पण त्याचा नकार हा शेवटचा शब्द समजू नका.

आजींचे पुढे काय झाले? एका सोमवारी आमची कार्यकर्ती त्यांच्याबरोबर गेली. दोघींनी दप्तर पाहण्यासाठी अर्ज दिला. त्या दिवशी नोंद सापडली नाही. पुढच्या सोमवारी सापडली. जीर्ण पानावर आजींच्या सासऱ्यांच्या जन्माची नोंद होती आणि पुढे 'भिल्ल' असे लिहिले होते. आजींना वाचता येत नाही. त्यांनी कार्यकर्तीकडून ते नाव दोनदा वाचून घेतले. नक्कल मिळाली, दाखल्याचा अर्ज दाखल झाला, पोच हातात आली. पुढे जात पडताळणीची पायरी अजून आहेच.

परत निघताना आजी पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्या सासऱ्याचं नाव इतकी वर्षं इथंच होतं तर."

तुमच्या वस्तीवरही असे कोणी झाडाखाली बसून परत जात असेल. येत्या सोमवारी त्यांच्याबरोबर आत जा.